गावातली जाहीर सूचना नक्की कुणाला कळते?

माणदेशी_वारं:
राम राम मंडळी. बरेच दिवस मनात होतं म्हणून धागा काढतोय, जरा लांब झालाय पण वाचा. आमचं गाव माणदेशातलं, आठवडी बाजाराचं, वाड्यावस्त्या धरून चारपाच हजार वस्ती असेल. सूचना द्यायला साधनं म्हणाल तर काय कमी नाहीत, ग्रामपंचायतीचा काचेचा बोर्ड आहे, चावडीच्या भिंतीवर फळा आहे, मारुतीच्या देवळावर भोंगा आहे, बाजारादिवशी स्पीकर लावून फिरणारी रिक्षा आहे, फ्लेक्स तर दिसेल तिथं आणि व्हाट्सप ग्रुप किती ते विचारूच नका. आणि एवढं सगळं असून मागच्या ग्रामसभेला कोरम भरला नाही. सभा तहकूब. तहकूब सभेला कोरम लागत नाही, त्यामुळं पुढं मूठभर लोकांत नळपाण्याचा आणि गायरानातल्या जागेचा ठराव होऊन गेला, ज्यांच्या वस्तीवरनं पाईप जाणार त्यांना नंतर कळलं.

म्हणून मी जाऊन तो बोर्ड नीट बघितला. काचेच्या पेटीला कुलूप, किल्ली शिपायाकडं आणि शिपाई दुपारनंतर गावत नाही. आत कागदावर कागद टाचलेले. सगळ्यात वर पाणीपट्टीच्या थकबाकीची यादी, तिच्याखाली जनावरांच्या लसीकरणाचा कागद आणि सभेची नोटीस त्याच्या मागं, खालची सही आणि गोल शिक्का तेवढा बाहेर आलेला. विषयपत्रिका वाचायची तर काच फोडावी लागंल. पण कागदोपत्री बघितलं तर नोटीस लागलेली आहे, तारीख पण बरोबर आहे, कुणी काही बोलू शकत नाही.

आता दुसरी गोष्ट बघा. गावात कुणाची मयत झाली की सकाळी सहाच्या पुढं भोंग्यावर सांगतात, अमक्याचे वडील, अमकी आळी, माती किती वाजता, पाहुणे कुठनं यायचेत, आणि अर्ध्या तासात रानातल्या शेवटच्या वस्तीवर पण बातमी गेलेली असते. का? कारण सांगणाऱ्याला वाटतंय की ती सगळ्यांना कळावी. भोंगा तोच, गाव तेच, माणसं तीच. तर मला म्हणायचंय ते एवढंच की सूचना लावणं आणि सूचना पोचवणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण पहिलीवर समाधान मानायला लागलोय. तुमच्या गावात काय पद्धत आहे ते लिहा, आणि दवंडी अजून कुठं चालू असेल तर आवर्जून लिहा, आमच्याकडची बंद पडली.

दुपारचं_ऊन:
अगदी मनातलं लिहिलंत. आमच्याकडं पण तोच काचेचा डबा आणि तेच कुलूप.

शिरोळकाठ:
आमच्याकडे पुराचं गाव असल्यामुळे सूचनेची किंमत सगळ्यांना माहीत आहे. २०१९ चा आणि २०२१ चा दोन्ही पूर बघितलेत. पावसाळ्यात दर थोड्या वेळानं कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी येते, ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, सांगलीला आयर्विन पुलावर ४० आणि ४५. हे आकडे इकडं शाळेतल्या पोरांना पण पाठ असतात. पण नुसता आकडा सांगून माणूस घर सोडत नाही हो. २०१९ ला रिक्षा फिरत होती, "पाणीपातळी वाढत आहे, नागरिकांनी सुरक्षित स्थळी स्थलांतरित व्हावे", लोक दारात उभं राहून ऐकत होते आणि परत आत जात होते, कारण २००५ ला जिथं पाणी आलं होतं तिथवर येईल आणि थांबेल असा सगळ्यांचा हिशोब. पाणी त्याच्याही वर गेलं.

२०२१ ला आमच्या गल्लीतल्या पोरांनी वेगळं केलं. मागच्या पुराच्या खुणा भिंतींवर होत्याच, त्यावरनं कुठल्या पातळीला कुणाच्या पायरीला पाणी लागतं हे त्यांनी वहीत लिहून काढलं आणि स्पीकरवर सांगताना आळीचं नाव घेऊन सांगितलं, की आता दत्त मंदिराच्या पायरीला पाणी लागलंय, कुंभार आळीनं जनावरं आत्ता सोडा, रात्रीची वाट बघू नका. एवढं ऐकल्यावर कुणी बसून राहिलं नाही. सूचना ऐकणाऱ्याच्या दारापर्यंत आणून सोडावी लागते, जिल्ह्याचा आकडा जिल्ह्याला उपयोगी.

आणि तेव्हा लाईट नव्हती, टॉवर बंद, व्हाट्सप शून्य. कामाला आला तो बॅटरीवरचा स्पीकर आणि हलगी.

सातबारा_उतारा:
माणदेशीदादा, ग्रामसभेचं लिहिलंत ते बरोबरच आहे, त्यात थोडी भर घालतो. कोरम म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, ह्यातलं जे कमी असेल ते. म्हणजे मोठ्या गावात पण फक्त १०० लोक लागतात, तेवढे जमत नसतील तर सूचनेतच गडबड आहे. साध्या सभेची नोटीस सात दिवस आधी द्यायची असते आणि नुसती चिकटवून भागत नाही, दवंडी देऊन पण कळवायचं असतं. वर्षात किमान चार ग्रामसभा, आणि नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा. ती महिलांची सभा किती गावांत खरी होते ते इथल्या ताईंनीच सांगावं.

पण मला ह्या धाग्यावर त्याच्याही पेक्षा जास्त गरजेची गोष्ट सांगायचीय, ती म्हणजे फेरफाराची नोटीस. ही नोटीस चुकली तर सभा नाही, जमीन हातची जाते. खरेदीखत झालं, वारस लागले, बँकेचा बोजा चढला, वाटणी झाली की तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) गाव नमुना ६ ला, म्हणजे फेरफाराच्या वहीत, नोंद धरतो. जमीन महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे त्या नोंदीची प्रत त्याच वेळी चावडीत ठळक जागी लावायची असते आणि ज्यांचा संबंध आहे त्यांना लेखी कळवायचं असतं. हरकतीला १५ दिवस मिळतात. कुणी हरकत घेतली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि मग तुम्हाला प्रांताकडं अपील करत बसावं लागतं, त्याला ६० दिवसांची मुदत, ती पण गेली तर आधी उशीर माफ करून घ्यायचा आणि मग मूळ भांडण. बहिणींची नावं वारसात लागलीच नाहीत, पुण्यामुंबईला असलेल्या भावाच्या हिश्श्याचं भलतंच झालं, अशी किती प्रकरणं ह्या १५ दिवसांत कुणाला न कळल्यामुळं होतात ते तहसीलच्या व्हरांड्यात एक दिवस बसलात तरी दिसेल.

आणि ह्याला एक सोपा उपाय आहे जो निम्म्या लोकांना माहीत नाही. महाभूमीच्या साईटवर "आपली चावडी" म्हणून डिजिटल नोटीस बोर्ड आहे. जिल्हा, तालुका, गाव निवडलं की त्या गावात सध्या कुठले फेरफार चालू आहेत ते दिसतं, फेरफार नंबर, प्रकार, नोंदीची तारीख, हरकतीची शेवटची तारीख आणि गट नंबर. लॉगिन नाही, पैसे नाहीत. महिन्यातनं दोनदा बघायची सवय लावा, १५ दिवसांची मुदत असल्यामुळं महिन्यातनं एकदा बघून भागत नाही. गावाबाहेर राहणाऱ्यांनी तर नक्की बघा.

दुपारचं_ऊन:
सातबाराभाऊ, आत्ता लगेच उघडून बघितलं, आमच्या गावचे फेरफार दिसले. हे खरंच माहीत नव्हतं. आईला पण दाखवते, मामाकडच्या जमिनीचं बरेच वर्ष लोंबकळत आहे.

बाभूळवन:
धागा चांगला आहे, पण दवंडीबद्दल हळवं होण्याआधी एक बाजू मांडतो. दवंडी कोण देत होतं? गावात ते काम वतनाचं होतं आणि ते महारांच्या आणि काही भागात मांगांच्या वाट्याला होतं. दवंडी द्यायची, सरकारी टपाल दुसऱ्या गावाला पोचवायचं, अधिकारी आला की त्याच्या घोड्यापुढं पळायचं, मेलेलं जनावर ओढायचं, मयतीचा सांगावा घेऊन रात्री अपरात्री चालत जायचं, आणि मोबदल्यात काय तर बलुतं, ते पण मागून घ्यायचं. नाही म्हणायची सोय नव्हती. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात महार वतनाबद्दल बिल आणलं होतं ते ह्याच वेठीविरुद्ध. शेवटी १९५८ च्या कायद्यानं ही कनिष्ठ गाव वतनं रद्द झाली. माझ्या आज्यानं हे काम केलंय. हलगी त्याची होती, आवाज त्याचा होता, पण पारावर चढून दवंडी द्यायला त्याला मनाई होती, तो खाली उभं राहून ओरडायचा.

त्यामुळं दवंडी परत आणा म्हणताना ती पगारी कामगाराची, गणवेशाची, कुठल्याही जातीच्या माणसानं करायची म्हणून आणा. आणि अजून एक, दवंडी सगळ्यांपर्यंत जायची हे पण अर्धंच खरं. गावात पाचसहा ठिकाणी थांबे असायचे, वेस, पार, चावडी, आड. ज्याची वस्ती गावाबाहेर त्यानं लांबून ऐकायची.

माणदेशी_वारं:
बाभूळवन, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. मूळ धाग्यात यायलाच पाहिजे होतं. पगारी काम आणि वस्तीवस्तीवर थांबा, ह्या दोन्ही गोष्टी मी आमच्या अर्जात घालतोय, अर्ज खाली टाकतो तयार झाला की.

वऱ्हाडी_बोंड:
राजेहो, आमच्या इकडे मुनादी म्हणतात, आणि अजून चालू आहे बरं का आमच्या गावात. कोतवालच देतो, आता सायकलवर फिरून देतो, चौकात आला की बेल वाजवतो आणि सांगतो. पण ऐकणारा वर्ग घरी नसतो ना बाप्पा. कापूस वेचायच्या दिवसात सगळं गाव सकाळीच वावरात, दुपारी मुनादी दिली तर म्हातारी माणसं आणि कुत्रीच ऐकतात. म्हणून आमच्या सरपंचबाईंनी वेळ बदलली, संध्याकाळी सातनंतर जेवणाच्या आधी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मजूर गाड्यात बसतात तिथं परत एकदा. काही खर्च नाही लागला. पीक विम्याची शेवटची तारीख, बियाण्याचा परमिट, रेशनची केवायसी, हे सगळं लोकांना कळायला लागलं.

अबोली_गडहिंग्लज:
सातबाराभाऊंनी महिला सभेचं विचारलंय म्हणून लिहिते. आमच्याकडं ती सभा रजिस्टरवर होते. शिपाई रजिस्टर घेऊन घरी येतो आणि सह्या घेऊन जातो, बायकांना वाटतं कसली तरी योजना आहे.

व्हाट्सपवर टाकलं की सगळ्यांना कळलं हा एक मोठा गैरसमज आहे. ग्रुपमध्ये नंबर कुणाचे आहेत ते एकदा बघा. घरटी एक नंबर आणि तो पुरुषाचा. तो माणूस दिवसभर एमआयडीसीत, रात्री येऊन घरी सांगेल असं नाही, आणि बघितलेल्या मेसेजखाली निळ्या टिका आल्या की पाठवणारा खूष. पाणी उद्या येणार नाही हे पाणी भरणारीला कळायला नको का? आमच्या वॉर्डात आम्ही बचत गटांची साखळी केली. प्रत्येक गटाच्या अध्यक्षेनं आपल्या दहाबारा जणींना सांगायचं, ज्यांच्याकडं फोन नाही तिच्या दारात जाऊन सांगायचं. अंगणवाडीच्या ताई आणि आशाताई ह्यांना तर प्रत्येक घर माहीत असतं, कुठल्या घरात बाळंतीण आहे, कुठं म्हातारी एकटी राहते, सगळं. पण पंचायतीला कधी वाटत नाही की ह्यांना विचारून सूचना द्यावी. (त्यांच्यावर फुकटचं काम लादू नका म्हणजे झालं, आधीच त्यांना कामं कमी नाहीत.)

साक्रीचा_वारा:
व्हाट्सपचा विषय निघालाच आहे तर आमच्या भागाची एक गोष्ट विसरता येत नाही. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आली म्हणून मेसेज फिरत होते, आणि बाजाराच्या दिवशी गावात आलेल्या पाच जणांना जमावानं ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकलं. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते ते, भिक्षा मागून जगणारे. त्या मेसेजला ना नाव ना गाव, कुणी पाठवला माहीत नाही, आणि लोकांनी त्यावर विश्वास ठेवला.

मला तेव्हापासून वाटतं की गावाची अधिकृत सूचना कुठली आणि फिरत आलेला मेसेज कुठला हे लोकांना ओळखता आलं पाहिजे. सरपंच किंवा पोलीस पाटील स्वतःच्या आवाजात, स्वतःचं नाव सांगून बोलले तर अफवा मरते. आणि अफवा चालू असताना अधिकृत आवाजानं गप्प बसणं फार घातक. त्या काळात गावोगाव भोंग्यावरनं रोज सांगायला पाहिजे होतं की अशी कुठलीही टोळी नाही.

जुन्नरची_रान:
ह्याला जोडून, आमच्याकडं ग्राम सुरक्षा यंत्रणा वापरतात. गाव नोंदवलेलं असलं की एक फोन केला की त्याच आवाजात सगळ्यांचे फोन एकदम वाजतात, साधा बटणाचा फोन असला तरी. ज्याच्या नंबरवरनं केला त्याची नोंद राहते म्हणून कुणी उगाच करत नाही. बिबट्या ऊसात दिसला, चोर आले, आग लागली, अशा वेळी फार उपयोगी. रात्री भोंगा लावायचा म्हटलं तर दहा ते सहा बंदी असते (संकटाच्या वेळी सूट आहे, पण वाद घालणारे घालतात), त्यामुळं फोनचा मार्ग बरा पडतो.

तळकोकण:
आमच्याकडे गाव म्हणजे दहाबारा वाड्या, दोन वाड्यांत डोंगर. बोर्ड एका वाडीत, बाकीच्यांनी तो बघायला रिक्षानं जायचं काय? शिवाय निम्मं गाव मुंबईला, विरारपासून डोंबिवलीपर्यंत पसरलेलं. पूर्वी गावचं पत्र मुंबईच्या मंडळाला जायचं आणि मंडळाच्या खोलीत मोठ्यानं वाचलं जायचं. आता मेसेज येतो, पण सभेच्या आदल्या रात्री. जमीन सामायिक, सह्या मुंबईकरांच्या आणि निर्णय आदल्या रात्री कळणार, म्हणजे झालंच. आपली चावडीची माहिती मंडळाच्या ग्रुपवर टाकली आहे, धन्यवाद सातबारा.

वकीलबाई_अकलूज:
जाहीर नोटिशीबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. पेपरात बारीक अक्षरात येतं ना, "तमाम लोकांस या जाहीर नोटिशीने कळविण्यात येते की", मग मौजे अमुक, गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, आणि शेवटी "अन्यथा कोणाचा काही हक्क हितसंबंध नाही अगर असल्यास तो सोडून दिला आहे असे समजून व्यवहार पूर्ण केला जाईल". हे वाचून लोक फार घाबरतात, किंवा उलट अजिबात वाचत नाहीत. खाजगी व्यवहारातली अशी नोटीस आली आणि तुम्ही हरकत घेतली नाही एवढ्यानं तुमची मालकी संपत नाही. पण घेणारा पुढं कोर्टात म्हणू शकतो की मी नोटीस दिली होती, कुणी आलं नाही, मी प्रामाणिकपणे घेतलं. म्हणून दिसली तर लेखी हरकत द्याच, पोच घेऊन द्या, व्हाट्सपवर वकिलाला मेसेज करून बसू नका.

अडचण अशी की ही नोटीस कधी कधी मुद्दाम अशा पेपरात देतात जो त्या गावात येतच नाही. कागद पूर्ण झाला, माणूस अंधारात. माणदेशींनी जे म्हटलंय, लावणं वेगळं आणि पोचवणं वेगळं, ते इथं सगळ्यात जास्त लागू आहे. आमच्याकडं एका वाचनालयात एक निवृत्त मास्तर रोज दोनतीन पेपर चाळून आपल्या तालुक्यातल्या गावांच्या नोटिसा कापून गावाप्रमाणं लावतात. त्या फळ्यापुढं बाजारादिवशी गर्दी असते, असं काम प्रत्येक तालुक्याला व्हायला पाहिजे.

कडेगावकर:
चांगलं पण सांगतो. आमच्या शेजारचं मोहित्यांचं वडगाव, तालुका कडेगाव. तिथं संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला. २०२२ मध्ये बातम्या आल्या होत्या सगळीकडं. सक्तीनं नाही चाललं, ग्रामसभेत ठरलं, महिलांनी उचलून धरलं, सुरवातीला घरोघरी जाऊन आठवण करावी लागली. म्हणजे भोंग्याला गाव ऐकतं, जर ठरवताना गावाला विचारलेलं असेल तर.

माणदेशी_वारं:
सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय घ्यावा म्हणून अर्ज देतोय, मसुदा असा केलाय, दुरुस्ती सांगा:

"मा. सरपंच यांस, विषय - ग्रामसभा व इतर जाहीर सूचना सर्व ग्रामस्थांपर्यंत पोचविणेबाबत. सभेची नोटीस विषयपत्रिकेसह मोठ्या अक्षरात एकटी लावावी, तिच्यावर दुसरा कागद लावू नये. बोर्डाची दुसरी किल्ली वाचनालयात ठेवावी. सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सातनंतर आणि सभेदिवशी सकाळी गावठाण, दलित वस्ती, धनगर वस्ती व सर्व मळ्यांवर थांबून दवंडी द्यावी, त्यासाठी माणूस पगारी नेमावा, तो कोणत्याही समाजाचा असावा. विषय सरपंचांनी स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकावेत म्हणजे वाचता न येणाऱ्यांना कळेल. महिला सभेची सूचना बचत गटांमार्फत द्यावी, घरी रजिस्टर फिरवून सह्या घेऊ नयेत. नोटीस लावल्याचा तारखेसह फोटो व दवंडी कुठे कुठे दिली याची नोंद सभेपुढे ठेवावी."

अबोली_गडहिंग्लज:
रजिस्टरची ओळ ठेवलीत, बरं वाटलं. त्यात एवढं घाला की महिला सभेची वेळ बायकांना विचारून ठरवावी, सकाळी अकराला कोण रिकामी असते.

बाभूळवन:
"धनगर वस्ती व सर्व मळे" च्या जोडीला पारधी पालं, ऊसतोड टोळ्या आणि वीटभट्टीवरची माणसं पण लिहा. मतदार यादीत नाव नसलं तरी पाण्याची, लसीकरणाची सूचना त्यांना पण लागते.

सातबारा_उतारा:
अर्ज दोन प्रतीत द्या आणि एका प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पोच दिली नाही तर रजिस्टर पोस्टानं पाठवा. आणि मागच्या सभेची दवंडी खरंच दिली होती का ह्याची नोंद माहितीच्या अधिकारात मागा, १० रुपये फी, दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही, ३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे. तहकूब सभेचं इतिवृत्त पण त्याच अर्जात मागून घ्या.

माणदेशी_वारं:
दोन्ही दुरुस्त्या घातल्या. माहितीचा अर्ज सोमवारी देतो. इतिवृत्त हातात आलं की त्यातले पाईपलाईनचे गट नंबर इथं टाकतो, सातबारादादा तुम्ही जरा बघा.

सातबारा_उतारा:
गट नंबर इथं उघड्यावर टाकू नका, लोकांची नावं निघतात त्यावरनं. मला मेसेज करा.